बुटाच्या तळव्यातले चाळीस मिलिमीटर

माझ्या एका धावणाऱ्या मित्राने गेल्या वर्षी त्याचे बाद झालेले शर्यतीचे बूट मला देऊन टाकले. घालायला नव्हे, फाडायला. त्या बुटाच्या पोटात नेमकं काय असतं ते मला कधीपासून बघायचं होतं. घरच्या सुरीने तळवा कापला जाईना, म्हणून कोपऱ्यावर चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी बूट तळहातावर जोखला, "हा बूट आहे का कापूस?" म्हणाले आणि रापी चालवली. पांढरा फोम सरसर कापला गेला आणि मध्येच रापी कचकन अडली. आत एक काळी, पातळ, कडक पट्टी होती. टाचेकडून येऊन चवड्याखाली वाकलेली आणि बोटांकडे पुन्हा वर उचललेली, पोहे खायच्या चमच्यासारखी. मामांनी ती नखाने वाजवून पाहिली. मग मी किंमत सांगितली.

"वीस हजार? आणि टिकतो किती?"

"शर्यतीसाठी म्हणाल तर तीन-चारशे किलोमीटर."

मामा हसलेही नाहीत. रापी खाली ठेवून त्यांनी चहा सांगितला.

या फोमने आणि पट्टीने गेल्या दहा वर्षांत लांब पल्ल्याच्या शर्यतींचे निकाल, विक्रम आणि नियमांची पुस्तकं सगळंच हलवून सोडलं. "मग ही फसवणूकच की" असं बरेच जण म्हणतात. तितकेच जण "काळ बदलतो, साधनं बदलतात" म्हणून मोकळे होतात. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. त्याआधी हा बूट करतो काय, ते बघू.

धावणं म्हणजे खरं तर छोट्या छोट्या उड्यांची माळ. दर पावलाला अंगाचं वजन जमिनीवर आदळतं आणि त्या आदळण्यातली बरीच ताकद वाया जाते. लगोरीचा रबरी चेंडू टाकला की उसळून हातात येतो, चिखलाचा गोळा टाकला की तिथेच बसतो. बुटाचा तळवा या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. २०१७ मध्ये नायकीचा व्हेपरफ्लाय बाजारात आला, तेव्हा प्रयोगशाळेत तो दाबून मोजला गेला. दाबताना शंभर भाग ऊर्जा घातली तर जुन्या धाटणीचा शर्यतीचा बूट साधारण पासष्ट भाग परत द्यायचा, त्या वेळचा आणखी एक नावाजलेला बूट शहात्तर. नव्या बुटाने सत्त्याऐंशी दिले. शिवाय हा फोम इतका हलका, की त्याचा जाड थर देऊनही बूट जड होत नाही. जाड थर म्हणजे दबायला जास्त जागा, आणि परत मिळायलाही जास्त.

आणि ती काळी पट्टी? जाहिरातीत सगळा भाव तीच खाते. पण पुढे संशोधकांनी बुटातली ही पट्टी जागोजागी कापून तेच बूट पुन्हा धावपटूंना घालून पाहिले, तेव्हा ऊर्जेच्या खर्चात नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. इतक्या मऊ, उंच फोमवर पाय डगमगू नये म्हणून पट्टीचा उपयोग होत असावा. पण "पायाखाली स्प्रिंग" ही गोष्ट मुख्यत्वे फोमची आहे. रापीला अडवणारी वस्तू महत्त्वाची असं मलाही वाटलं होतं. महत्त्वाची निघाली ती कापसासारखी.

आता हिशोब. गाडी घेताना आपण "ॲव्हरेज किती देते?" विचारतो, तसंच धावपटूचं असतं. ठरावीक वेगाला शरीर किती ऑक्सिजन जाळतं, हे त्याचं ॲव्हरेज. कोलोरॅडो विद्यापीठात अठरा सरावलेल्या धावपटूंवर चाचणी झाली आणि नव्या बुटात सरासरी चार टक्के ऊर्जा कमी लागली. चार टक्के इंधन वाचलं म्हणजे वेळही चार टक्क्यांनी घटतो असं नाही, कारण वेग वाढला की हवेचा अडथळाही वाढतो. पण दोन तासांच्या मॅरेथॉनमध्ये एक टक्का म्हणजे बहात्तर सेकंद. मोठ्या शर्यतीत पहिला आणि पाचवा यांच्यात कित्येकदा एवढंही अंतर नसतं.

चाचणीतली आणखी एक गोष्ट बातम्यांमध्ये सहसा येत नाही. सरासरी चार टक्के म्हणजे सगळ्यांना चार नव्हे. कुणाला जेमतेम दीड-दोन टक्क्यांचा लाभ झाला, कुणाला सहाच्या आसपास. म्हणजे उद्या सरकारने प्रत्येक धावपटूला हा बूट फुकट वाटला तरी क्रमवारी पूर्वीचीच राहणार नाही. ज्याच्या पावलाची ठेवण बुटाला मानवते तो पुढे सरकेल. "सगळ्यांना सारखं दिलं की झालं" हे वाटतं तितकं सोपं नाही, ते असं.

माझ्या मते या कथेतली खरी गोम बूट बाजारात येण्याच्या आधीची आहे. १३ फेब्रुवारी २०१६ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेची ऑलिम्पिक निवड मॅरेथॉन झाली. पहिल्या तिघी रिओला जाणार, चौथी घरी. काही मोजक्या धावपटूंच्या पायांत तेव्हा या बुटाचे नमुने होते, जे दुकानात मिळत नव्हते आणि ज्यांच्याबद्दल बाकीच्यांना धड माहितीही नव्हती. महिलांमध्ये पहिली आलेली एमी क्रॅग आणि तिसरी आलेली शॅलेन फ्लॅनगन, दोघींच्या पायांत तेच. चौथी आली कारा गाउचर, तिसरीच्या मागे पासष्ट सेकंद. पुढे रिओत पुरुषांच्या मॅरेथॉनचे तिन्ही पदकविजेते, इलियुड किपचोगे, फेयिसा लिलेसा आणि गेलन रप, याच नमुन्यांत धावले.

गाउचर हरली ती बुटामुळेच, असं कुणी सिद्ध करू शकत नाही. तसं नव्हतं, हेही कुणी सिद्ध करू शकत नाही. उत्तेजक घेतलं असेल तर ते रक्तात नाहीतर लघवीत सापडतं, दहा वर्षांपर्यंत नमुना पुन्हा तपासून पदक काढून घेता येतं. बुटाचं तसं नाही. कुणी नियम मोडलेलाच नव्हता. नियमात अवाजवी मदत नको एवढं होतं, आणि अवाजवी म्हणजे किती हे कुणी मोजून ठेवलं नव्हतं. कांद्याच्या लिलावातसुद्धा वजनकाटा आधी लावतात. इथे माल विकून झाल्यावर काट्याची खरेदी सुरू झाली.

ती सुरू झाली २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, दोन दिवसांत. १२ तारखेला व्हिएन्नात किपचोगेने खास आखलेल्या धावेत, आळीपाळीने पुढे राहणाऱ्या साथीदारांच्या आडोशाने, मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं. ती स्पर्धा नसल्याने विक्रमात धरली नाही. दुसऱ्या दिवशी शिकागोत ब्रिजिड कोसगेईने महिलांचा विक्रम मोडला, आणि तो मात्र पक्का. पॉला रॅडक्लिफचे २ तास १५ मिनिटं २५ सेकंद २००३ पासून कुणाच्या हाती लागत नव्हते. कोसगेईने २:१४:०४ अशी वेळ दिली, एका फटक्यात एक्याऐंशी सेकंद कमी.

मग मात्र जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला हलावं लागलं. ३१ जानेवारी २०२० ला नियम आला: रस्त्यावरच्या शर्यतीत तळव्याची जाडी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, आत कडक पट्टी एकच, आणि बूट स्पर्धेच्या आधी चार महिने दुकानात मिळत असला पाहिजे. ही चार महिन्यांची अट मला सगळ्यांत शहाणी वाटली होती. लॉस एंजेलिसमध्ये जे झालं त्याच्यावरचं ते नेमकं औषध होतं. पण पुढे तिच्यात पळवाट ठेवली गेली. चाचणीतले बूट आधी नोंदवले तर ठरावीक मुदतीपर्यंत शर्यतीत चालतात, ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धा तेवढ्या सोडून. केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ चा विश्वविक्रम केला तो अशाच, तेव्हा दुकानात न आलेल्या बुटात. त्याच्या पायांची कमाल कमी लेखायचं कारण नाही. अट कशी झिजते ते फक्त सांगतोय.

जाडीच्या नियमाचा हिसका मात्र एकाला चांगलाच बसला. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये इथिओपियाचा डेरारा हुरिसा व्हिएन्ना मॅरेथॉन जिंकला. फीत तोडली, हार-तुरे झाले आणि थोड्याच वेळात बाद ठरला. कागदावर त्याने एक बूट नोंदवला होता आणि पायांत दुसरा घातला होता. सरावाचा, पाच सेंटिमीटर तळव्याचा. एक सेंटिमीटर जास्त. पहिला क्रमांक केनियाच्या लिओनार्ड लँगटला गेला. बेचाळीस किलोमीटर धावून एका सेंटिमीटरने हरणं काय असतं, ते त्यालाच विचारावं.

हे सगळं नवं वाटत असेल, तर पोहणाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडे हेच नाटक दहा वर्षं आधी होऊन गेलं होतं, आणि जास्त रंगलं होतं.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घट्ट. त्यामुळे पोहणाऱ्याची निम्मी लढाई हात मारण्यात असली, तर उरलेली पाण्याला कमीत कमी अंग दाखवण्यात. थकवा आला की कंबर आणि पाय खाली जातात, अंग तिरपं होतं आणि पाणी छातीवर अडायला लागतं. २००८ च्या फेब्रुवारीत स्पीडोने एलझेडआर रेसर नावाचा पोशाख आणला. त्याच्या कापडाची चाचणी नासाच्या वाऱ्याच्या बोगद्यात झाली होती. शिवण नव्हती, जोड ध्वनिलहरींनी चिकटवलेले. ठिकठिकाणी पॉलियुरेथेनचे, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रव्याचे, पट्टे. तो इतका घट्ट, की अंगात चढवायला वीस-वीस मिनिटं लागायची, आणि एकदा चढला की शरीराचे उंचवटे दाबून माणसाचा जणू सुळसुळीत मासा करायचा.

बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचे पंचवीस विश्वविक्रम झाले, त्यांतले तेवीस या एका पोशाखात. जपानच्या पोहणाऱ्यांचा त्याआधी वेगळाच पेच झाला होता. त्यांच्या संघटनेचे करार तिथल्याच तीन कंपन्यांशी होते. खेळाडू कुरकुरायला लागले. जूनमध्ये कोसुके कितजिमाने एलझेडआर घालून २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविक्रम केला, आणि लगेच संघटनेने नमतं घेऊन कुठलाही पोशाख घालायची मुभा दिली. त्याच दिवसांत कितजिमा "पोहणारा मीच आहे" अशा अर्थाची अक्षरं लिहिलेला टी-शर्ट घालून वावरत होता. जिंकूनही असं छातीवर लिहून फिरावंसं वाटणं, यातच सगळं आलं.

मग बाकीच्या कंपन्या स्वस्थ बसतील कशा? २००९ मध्ये काही पोशाख आपादमस्तक पॉलियुरेथेनचे आले. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधतात. हे पोशाख म्हणजे त्या भोपळ्याचे अतिशय महागडे भाऊबंद. अंग आपसूक वर राहायचं आणि शेवटच्या पन्नास मीटरला खाली जाणारी कंबर खाली जात नव्हती. त्या जुलैत रोमला जागतिक स्पर्धा झाली आणि एका आठवड्यात त्रेचाळीस विश्वविक्रम पडले.

त्यातली एक शर्यत नीट बघण्यासारखी आहे. पुरुषांची २०० मीटर फ्रीस्टाइल. जर्मनीचा पॉल बिडरमान. वर्षापूर्वी बीजिंगमध्ये याच शर्यतीत तो पाचवा आला होता, १ मिनिट ४६ सेकंदांत. मायकल फेल्प्सने तिथे १:४२.९६ असा विश्वविक्रम केला होता. रोमला बिडरमान नव्या पॉलियुरेथेनच्या पोशाखात, फेल्प्स वर्षभर जुन्या झालेल्या एलझेडआरमध्ये. बिडरमानने १:४२.०० दिले आणि फेल्प्सला सहज मागे टाकलं. वर्षभरात चार सेकंदांची सुधारणा! या पातळीवर पोहणारे दशांश सेकंदासाठी वर्ष घालवतात. नंतर त्याने मोकळेपणाने कबूल केलं की पोशाखाने फरक पडतो, आणि फेल्प्सला कधीतरी त्याच्याशिवाय हरवता यावं अशी इच्छाही बोलून दाखवली. फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन मात्र भडकले. असंच चालणार असेल तर माझा खेळाडू पोहणार नाही, अशी भाषा सुरू झाली. गंमत अशी, की आदल्या वर्षी सगळ्यांच्या पुढचा पोशाख त्यांच्याच खेळाडूच्या अंगावर होता, तेव्हा ही न्यायबुद्धी गप्प होती. आपण मागे पडलो की अन्याय लवकर दिसतो. माणसाचा स्वभावच तो, त्यात बोमन यांनाच कशाला बोल लावा.

१ जानेवारी २०१० पासून हे सगळे पोशाख बंद झाले. फक्त विणलेलं कापड, पुरुषांना बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, महिलांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. पण तोवर झालेले विक्रम मात्र पुस्तकात तसेच ठेवले. याचा त्रास कुणाला झाला? त्या वेळी शाळेत असलेल्या पोरांना. त्याच रोमच्या आठवड्यात बिडरमानने ४०० मीटरचा इयान थॉर्पचा विक्रम एका शतांश सेकंदाने मोडून ३:४०.०७ केला होता. तो मोडायला २०२५ चा एप्रिल उजाडला. लुकास मेर्टेन्सने स्टॉकहोममध्ये ३:३९.९६ दिले, तेव्हा तो विक्रम जवळजवळ सोळा वर्षांचा झाला होता. मधल्या काळात कितीजण आपल्या जमान्यातले सर्वोत्तम असूनही "विश्वविक्रमापासून दूर" म्हणून नोंदले गेले असतील. ते भोपळा न बांधता पोहत होते, एवढाच त्यांचा दोष.

मग साधन काढून घेतलं तर माणूस किती उरतो? याचं इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं, पण सायकलिंगमध्ये ते आहे. एका तासात जास्तीत जास्त किती अंतर, असा एक जुना विक्रम आहे. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एडी मेर्क्सने साध्या, गोल नळ्यांच्या सायकलवर ४९.४३१ किलोमीटर कापले. पुढे सायकली बदलल्या, बसायच्या तऱ्हा बदलल्या. १९९६ मध्ये इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने हात पुढे ताणून, विमानासारखं अंग पसरून ५६.३७५ किलोमीटर काढले. मग सायकलिंग संघटनेने ठरवलं, की अधिकृत विक्रम मेर्क्सच्या वेळेसारख्या सायकलवरचाच धरायचा. बोर्डमन २००० मध्ये पुन्हा मैदानात उतरला, या वेळी जुन्या पद्धतीच्या सायकलवर. भरला ४९.४४१ किलोमीटर. मेर्क्सपेक्षा बरोबर दहा मीटर जास्त.

माणूस तोच, तास तोच, आणि सात किलोमीटरचा फरक. चार वर्षांनी त्याचं वय वाढलं होतं, आणि मेर्क्सला मेक्सिकोच्या विरळ हवेचा फायदा होता, हे धरूनही आकडा डोळ्यांत भरतो. पण संघटनेचा तो उपाय चालला नाही. जुन्या सायकलवरच्या विक्रमात कुणाला रस उरला नाही आणि २०१४ मध्ये नियम पुन्हा आजच्या ट्रॅक सायकलींना मोकळा केला. घड्याळ मागे फिरवून न्याय करायला गेलं की प्रेक्षक उठून जातात.

इथवर वस्तू अंगावरच्या नाहीतर पायांतल्या होत्या. पण आपल्या देशाला सगळ्यांत मोठा फटका ज्या साधनाचा बसला ते मैदानावर अंथरलेलं होतं. १९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूरला भारत हॉकीचा विश्वविजेता झाला, गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. गवतावर चेंडू उड्या मारतो, म्हणून तो थांबवायला आणि वळवायला मनगट लागतं. कृत्रिम मैदानावर तो कॅरमच्या सोंगटीसारखा सरळ पळतो, म्हणून दमसास आणि जोरकस फटका लागतो. सगळी पडझड त्या हिरव्या चटईवर ढकलणं बरोबर नाही. संघातल्या, संघटनेतल्या कटकटी होत्याच, आणि १९८० मध्ये मॉस्कोत, बरेच देश आले नव्हते तरी, त्याच प्रकारच्या मैदानावर आपण सुवर्ण जिंकलं. पण देशातली बहुतेक पोरं त्यानंतर कित्येक वर्षं गवतावर नाहीतर मातीतच शिकत राहिली.

आता बघा, सामन्याच्या दिवशी माँट्रियलचं मैदान अकरा विरुद्ध अकरा सगळ्यांना सारखंच होतं. कुणाच्या बाजूला गवत आणि कुणाच्या बाजूला चटई, असं नव्हतं. नियमाच्या दृष्टीने काडीचाही अन्याय नाही. फरक होता तो उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा. कुणाच्या शाळेत ती चटई आहे आणि कुणी ती पहिल्यांदा विमानातून उतरल्यावर बघतो, हे पंच मोजत नाहीत.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हे १९४८ मध्ये लंडनमध्ये कळलं. ते तांबड्या मातीतले मल्ल, आणि गादीवरची कुस्ती त्यांना नवीच होती. माती पाय धरते, डाव खुलायला वेळ देते. गादीवर क्षणात पट निघतो आणि गुण लागतात. तरी ते सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले. आज महाराष्ट्र केसरीत माती विभाग आणि गादी विभाग वेगळे असतात, यामागेही तीच जाण आहे: पायाखालचं बदललं की खेळही बदलतो. पण गादी फुकट येत नाही. गावच्या तालमीत माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळून होते. गादीसाठी कुणीतरी वर्गणी काढावी लागते.

क्रिकेटचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. १९७९ मध्ये पर्थला डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन आला, इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रेअरलीने चेंडू खराब होतो म्हणून तक्रार केली, आणि नंतर बॅटचं पातं लाकडाचंच हवं असा नियम झाला. २००६ च्या सुमारास रिकी पाँटिंगच्या बॅटच्या पाठीवरची कार्बनची पट्टी अशीच गेली. २०१७ पासून बॅटची कड ४० मिलिमीटरपेक्षा आणि जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. इथेही ४० मिलिमीटर, हा निव्वळ योगायोग. क्रिकेटने एक बरं केलं, की वाद लांबू दिला नाही. पण उत्तम इंग्लिश विलोची बॅट आणि तालुक्याच्या दुकानातली काश्मीर विलोची बॅट दोन्ही नियमात बसतात, आणि दोन्हींतून निघणारा चेंडू वेगळा असतो.

बुटांचंही तसंच होऊन बसलंय. आज सगळ्या मोठ्या कंपन्यांकडे जाड फोमचे बूट आहेत, त्यामुळे अव्वल धावपटूंमधली दरी बरीच भरली. मला विचाराल तर तिथला अन्याय मुख्यतः २०१६ ते २०१९ या काळाचा होता, मूठभरांकडे वस्तू आहे आणि बाकीच्यांना तिचा पत्ताही नाही तेवढ्या काळाचा. पण दरी भरली म्हणजे सरकली. २०२३ मध्ये बर्लिनला टिगस्ट असेफाने २:११:५३ चा महिलांचा विक्रम केला तो आदिदासच्या अशा बुटात, ज्याचं वजन १३८ ग्रॅम, किंमत ५०० डॉलर आणि आयुष्य, कंपनीच्याच म्हणण्यानुसार, साधारण एका शर्यतीचं. सुरुवातीला विकायला काढले ५२१ जोड. नियमाप्रमाणे हा बूट "बाजारात उपलब्ध". जाडीही बरोबर. मिलिमीटर मोजायला पट्टी आहे, किमतीला नाही.

हौशी धावणाऱ्यांनी याचा ताप करून घेऊ नये. साताऱ्याचा यवतेश्वर घाट चढताना माझ्या पुढे गेलेल्यांतले निम्मे साध्या बुटांत होते, आणि मी वीस हजारांचे घेतले असते तरी ते पुढेच गेले असते. साडेचार तासांच्या मॅरेथॉनला दोन-चार मिनिटांनी कुणाचं काही बिघडत नाही. ज्यांचं बिघडतं ते वेगळेच, आणि ते टीव्हीवर दिसत नाहीत. नाशिकच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने सुरुवातीची धाव अनवाणी घेतली, हे आपण कौतुकाने सांगतो. अनवाणी पळून जे मागे पडले त्यांची नावं सांगायला कुणी नसतं.

काही वर्षांपूर्वी एका शालेय क्रीडा स्पर्धेत मी वेळ नोंदवायला बसलो होतो. मुरमाचं मैदान, फक्कीने आखलेल्या लेन. एका शाळेच्या दोन मुली आठशे मीटरला होत्या, वेगवेगळ्या हीटमध्ये, आणि दोघींत मिळून स्पाइक्सचा एकच जोड होता, तोही सरांनी कुणाकडून तरी मागून आणलेला. शेजारच्या लेनमध्ये शहरातल्या अकादमीची मुलगी नव्या कोऱ्या स्पाइक्समध्ये. पहिली मुलगी धावली, तिसरी आली, पुढच्या फेरीत गेली. रेषेवरच खाली बसून तिने नाड्या सोडल्या. दुसरी तिथे अनवाणी उभीच होती. तिचा पाय लहान, म्हणून सरांनी वर्तमानपत्राचे बोळे खिशात तयार ठेवले होते. स्टार्टरने दुसऱ्या हीटसाठी क्लॅपर वर केला होता. तो बूट चढेपर्यंत त्याने हात तसाच वर धरून ठेवला.